घराला आग, विम्याचा क्लेम आणि सर्व्हेअर: अनुभवी लोकांनी सांगा

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी. माणसं सगळी सुखरूप आहेत, हे आधी सांगते.

चिंचवडला माझ्या मोठ्या दिरांचा फ्लॅट आहे, चौथ्या मजल्यावर. परवा पहाटे हॉलमधल्या एसीतून जाळ निघाला. एसीखाली सोफा, शेजारी पडदे, मग काय विचारता. बंब येऊन आग आटोक्यात येईस्तोवर हॉल गेला. टीव्ही, शोकेस, फॉल्स सीलिंग, खिडक्यांच्या काचा, काही म्हणता काही राहिलं नाही. स्वयंपाकघराचं छत काळं झालंय आणि मधल्या भिंतीचा गिलावा फुगलाय. बेडरूमपर्यंत आग पोचली नाही, पण धूर कुठे थांबतो? जाऊबाईंचं कपाट कुलूपबंद होतं, तरी उघडलं तर रचून ठेवलेल्या साड्यांच्या प्रत्येक दुमडीवर काळी रेघ. साडी उलगडावी तर आतून कोरी.

विमा आहे. 'भारत गृह रक्षा', दहा वर्षांची पॉलिसी, गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तेव्हा काढलेली. घराची विमा रक्कम २४ लाख. सामानाचा वेगळा आकडा पॉलिसीत सापडत नाही. कंपनीला फोन आणि ईमेल दोन्ही केलंय, क्लेम नंबर मिळालाय, सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करून कंपनीला अहवाल देणारा) यायचाय.

माझे प्रश्न असे:

साफसफाई सुरू करू का? जाऊबाईंना ते घर तसं बघवत नाही, त्यांनी कामवाल्या मावशींना बोलावलंसुद्धा.

एजंट म्हणतो, शॉर्ट सर्किटनं लागलेल्या आगीचे पैसे मिळत नाहीत. खरं का?

बिलांची फाइल शोकेसच्या खणात होती, म्हणजे राख. आता पुरावा काय द्यायचा?

आणि सगळे सध्या आमच्याकडे आहेत. भाड्याचं घर घेतलं तर ते भाडं विम्यात बसतं का?

खारीबिस्कीट

बाप रे. सगळे वाचले हे महत्त्वाचं. मावशींना आजच्या आज थांबवा! जळकं सामान भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका. आमच्या सोसायटीत एकांनी घर धुऊन-पुसून चकचकीत केलं आणि मग सर्व्हेअरला बोलावलं. तो बिचारा काय बघणार?

भिंगकाका

धागा वाचून हात शिवशिवले. आयुष्य सर्व्हेअरच्या याच कामात गेलं, आता निवृत्त आहे. सवडीनं लिहितो.

एजंटचं म्हणणं अर्धवट आहे. पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींत एक कलम आहे: विजेचं उपकरण शॉर्ट सर्किट, अतिदाब, आपोआप तापणं वगैरे कारणांनी बिघडलं, तर त्या उपकरणाचं नुकसान मिळत नाही. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की हे फक्त त्या एका उपकरणापुरतं. म्हणजे एसीचे पैसे कापतील. एसीतून आग पसरून सोफा, टीव्ही, सीलिंग, गिलावा जे गेलं ते सगळं आगीचं नुकसान, आणि ते मिळायला हवं. एजंट मंडळी पहिलं वाक्य पाठ करतात, दुसरं विसरतात.

साफसफाईबद्दल. पॉलिसीच तुमच्यावर जबाबदारी टाकते की नुकसान वाढू देऊ नका. तेव्हा फुटलेल्या खिडक्यांना प्लास्टिक लावा, मेन स्विच बंद ठेवा, साचलेलं पाणी काढा. हे करण्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्या, दारातून सुरुवात करून भिंत, छत, जमीन असं सलग. बाकी जळकं सामान जागचं हलवू नका. अगदीच हलवावं लागलं तर त्याच घरात एका कोपऱ्यात ठेवा. एसीचा सांगाडा, त्याचा प्लग, वायरीचे वितळलेले तुकडे आणि डीबीमधला (विजेच्या पेटीतला) एमसीबी, म्हणजे आपोआप बंद पडणारा स्विच, तर जपूनच ठेवा.

काजळी ओल्या फडक्यानं पुसू नका, पसरते आणि भिंतीत मुरते. वायरींचं पीव्हीसी जळलं की धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. बेडरूममधला संगणक, मिक्सर, फ्रिज आज चालू दिसतील आणि महिन्याभरात आतून गंजून बंद पडतील. म्हणून धूर लागलेली उपकरणं चालू करून बघू नका. तंत्रज्ञाला दाखवा, लेखी अंदाजपत्रक घ्या आणि तीही यादीत घाला. लोक फक्त जळलेल्या वस्तू लिहितात आणि धुराची अर्धी यादी सोडून देतात. साड्या घाला. गाद्या घाला.

सामानाचा आकडा दिसत नाही म्हणता. भारत गृह रक्षात घराचा विमा असेल तर सामानाला आपोआप संरक्षण असतं, घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. तुमच्या बाबतीत २४ लाखांचे २० टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार. दागिने, चांदी, चित्रं यांसाठी वेगळं ऐच्छिक कव्हर घ्यावं लागतं. रोख रक्कम आणि कागदपत्रं बसत नाहीत.

भाडं बसतं. घर राहण्यालायक नाही असा आर्किटेक्टचा किंवा महापालिकेचा दाखला लागेल. तो लगेच घ्या, भाडेकरार करा आणि भाडं बँकेतून द्या.

कोथिंबीरवडी

काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार. मावशींना थांबवलंय. जाऊबाई नाराज आहेत, पण एजंटपेक्षा तुमच्यावर त्यांचा विश्वास बसला.

पोलिसांकडे जायचं का? कोणाला इजा झालेली नाही, कोणावर संशय नाही.

खारीबिस्कीट

जायचं. पोलीस ठाण्यात आकस्मिक जळीत म्हणून नोंद होते आणि पंचनामा होतो. त्याची प्रत लागते. अग्निशमन दलाच्या दाखल्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तो आपोआप घरी येत नाही. दाखल्यात पत्ता, फ्लॅट नंबर आणि मालकाचं नाव पॉलिसीप्रमाणेच आहे ना ते तिथेच उभं राहून वाचा. आमच्याकडे विंगचं अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करून घेण्यात चपला झिजल्या.

शंकासुर

मंडळी, एवढा उत्साह बरा नव्हे. विमा कंपन्या पैसे घेताना हसतात, देताना दात दाखवतात. माझ्या मावशीच्या देवघरात निरांजनाची वात उंदरानं ओढली, देव्हारा पेटला, शेजारचा पडदा पेटला. कंपनीच्या माणसाचं पहिलं वाक्य काय? "आजी, हा तुमचा निष्काळजीपणा." मावशीनं पुढे पाठपुरावाच केला नाही.

वकीलीणबाई

शंकासुर, मावशींनी सोडायला नको होतं. पॉलिसीत वगळलंय ते जाणूनबुजून केलेलं कृत्य. निरांजन लावणं हे जाणूनबुजून आग लावणं नाही. माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांसाठीच तर आगीचा विमा काढतात, नाहीतर त्याला अर्थच काय?

सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये मुदित रोडवेजच्या प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलंय. विमा घेणाऱ्यानं स्वतः आग लावलेली नसेल, तर ती शॉर्ट सर्किटनं लागली की आणखी कशानं, हा मुद्दा गौण ठरतो. 'नेमकं कारण सिद्ध होत नाही' एवढ्यावर क्लेम अडवत असतील तर पत्रात हा दाखला द्या.

कोथिंबीरवडी, तुम्ही एक सवय लावून घ्या. तोंडी काही बोलायचं नाही. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल टाकायची, "आज आपलं असं असं बोलणं झालं". कंपनीनं काही नाकारलं की एकच प्रश्न विचारायचा: पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली? ते कलम लिहून द्या.

मुदतीही ठाऊक असू द्या. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाच्या) २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीनं ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. प्रत्यक्षात काय होतं ते शंकासुर सांगतीलच, पण स्मरणपत्रात हे आकडे घातले की फाइल हलते.

तुमच्या बाजूनंही मुदत आहे बरं. क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत द्या. यादी पूर्ण झाली नसेल तरी फॉर्म द्या, "पुरवणी यादी नंतर सादर करू" असं त्यात लिहा.

पिवळाचाफा

बिलांबद्दल सांगते, कारण आमच्या माहेरी हेच झालं होतं. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूंची बिलं खात्यात जुनी सापडतात. हप्त्यावर घेतलं असेल तर फायनान्स कंपनीचं स्टेटमेंट. मोठ्या दुकानांत मोबाइल नंबर सांगितला की बिलाची प्रत काढून देतात. कार्ड, यूपीआयचे व्यवहार बँकेत असतातच.

आणि सगळ्यात कामी आले ते गौरी-गणपतीचे फोटो! हसू नका. दरवर्षी आपण आरास हॉलमध्येच करतो, नातेवाईक पन्नास फोटो काढतात आणि त्यात मागे टीव्ही, शोकेस, पंखा, सोफा, सगळं येतं. कुटुंबाच्या ग्रुपवर विचारलं तर चुलत नणंदेच्या फोटोत साउंड सिस्टीमचं मॉडेलसुद्धा वाचता येत होतं. हळदीकुंकू, वाढदिवस, बारसं, सगळे अल्बम चाळा.

कोथिंबीरवडी

पिवळाचाफा, काय सुचवलंत! ग्रुपवर टाकलं आणि तासाभरात फोटोंचा पाऊस. भाऊजींना तर शोकेसमधल्या पितळी समयाही आठवत नव्हत्या, त्या फोटोत निघाल्या.

समयांवरून आठवलं. घराचं दार बंबवाल्यांनी तोडलंय, ते नुसतं ओढून घेतलं होतं. काल बघतो तर स्वयंपाकघरातली तांब्या-पितळेची भांडी गायब. काय बोलायचं आता माणसांना.

भिंगकाका

लगेच पोलिसांत कळवा आणि कंपनीलाही लिहा. आगीसारखी घटना घडल्यावर तिच्याच ओघात ७ दिवसांच्या आत झालेली चोरी या पॉलिसीत बसते. आणि दाराला कुलूप-कडी करा, त्याचं बिल ठेवा.

सॅनहोजेकर

इथे अमेरिकेतली पद्धत सांगितली तर चालेल ना? जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या वणव्यात आल्टाडेनाला आमचे स्नेही होते. त्यांचं घर उभं राहिलं, पण धुरानं आणि राखेनं भरलं. त्यांनी साफसफाईआधी काजळीची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. नुसतं पुसून भागणार नाही, गाद्या आणि छतातलं इन्सुलेशन बदलावं लागेल, हे त्याच अहवालावर मान्य झालं.

इथे बऱ्याच पॉलिसीत वस्तूची घसारा (जुनी झाल्यानं घटलेलं मोल) वजा केलेली किंमत आधी देतात आणि नवी वस्तू घेऊन पावती दिली की उरलेली रक्कम देतात. लोक पहिला चेक घेऊन गप्प बसतात, दुसरा मागायचा असतो हेच ठाऊक नसतं. राहण्या-खाण्याचा वाढीव खर्च वेगळा मिळतो. मालकाच्या बाजूनं काम करणारा परवानाधारक पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमता येतो, तो मिळालेल्या रकमेतून टक्केवारी घेतो. लहान क्लेमसाठी मी नेमणार नाही.

शंकासुर

आपल्याकडेही 'क्लेम मिळवून देतो' म्हणणारे फिरतात. आगीच्या दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये एक उभा होता, मावशीच्या वेळी. सही मागत होता कोऱ्या कागदावर.

तळमजल्यावरचा

थोडं अवांतर. वरच्याच्या घरात आग लागली आणि बंबाच्या पाण्यानं आमचं खालचं घर भिजलं, तर आम्हाला कोण देणार?

भिंगकाका

तुमच्या घराचा तुमचा विमा असेल तर तुमची कंपनी. आग विझवताना मारलेल्या पाण्याचं नुकसान हे आगीच्याच नुकसानीत धरतात. वरच्या मालकाच्या मूळ पॉलिसीत तुमचं नुकसान बसत नाही. तो भाग तिसऱ्या व्यक्तीप्रति असलेल्या जबाबदारीचा, त्याला वेगळं कव्हर लागतं.

सोसायटीच्या पॉलिसीकडेही बघा. आदर्श उपविधीनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीनं इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढणं बंधनकारक आहे. किती सोसायट्या काढतात ते विचारू नका. असेल तर तो इमारतीचा, तुमच्या सोफ्याचा नव्हे. आणि एकाच गिलाव्याचे पैसे दोन्हीकडून पूर्ण मिळत नाहीत, कंपन्या आपापसात वाटून घेतात. कोथिंबीरवडी, तुमच्या सेक्रेटरींना विचारून घ्या, नाहीतर नंतर "ही माहिती का लपवली" असं पत्र येईल.

मुगाचा_लाडू

सिलिंडरमुळे आग लागली असेल तर आणखी एक दार ठोठवा. तेल कंपन्यांचा ग्राहकांसाठी विमा असतो, वेगळा हप्ता नाही. मृत्यू झाल्यास प्रत्येकी ६ लाख, उपचारांसाठी प्रत्येकी २ लाखांपर्यंत, आणि नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत. एजन्सीला ताबडतोब लेखी कळवावं लागतं. रबरी नळी मुदतबाह्य असेल तर पंचाईत होते.

आणि जळक्या नोटा फेकू नका. ठिसूळ झालेल्या, चिकटलेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात (नोटांचं काम बघणाऱ्या कार्यालयात) घेतात. मुंबईला आहे, नागपूरला आहे. डब्यात कापसावर ठेवून न्या, सुट्या करायला जाऊ नका.

कोथिंबीरवडी

मंडळी, मध्ये बरेच दिवस लिहिता आलं नाही. सर्व्हेअर येऊन गेले. माणूस सभ्य होता, खोलीवार यादी आणि शेजारी फोटो बघून म्हणाला, "असं कोणी देत नाही हो."

आता कंपनीचं पत्र आलंय. घराच्या दुरुस्तीचा आकडा बऱ्यापैकी रास्त आहे. एसी वगळलाय, ते काकांनी सांगितलंच होतं. पण सामानात सोफ्यावर आणि टीव्हीवर ५० टक्के घसारा लावलाय. साड्या आणि गाद्या 'धुऊन वापरण्यायोग्य' म्हणून शून्य. फ्रिज 'चालू स्थितीत' म्हणून शून्य, आणि तो गेल्या आठवड्यात बंद पडला! सोबत एक व्हाउचर आहे, 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेलं. सही करून पाठवलं की पैसे जमा. भाऊजी म्हणतात, सही करून मोकळं व्हावं.

वकीलीणबाई

घाई नको. सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा. मग वस्तूवार उत्तर लिहा, भावनिक निबंध नको. ड्रायक्लीनरला साड्या दाखवून "डाग जाणार नाहीत" असं त्याच्या लेटरहेडवर घ्या. फ्रिजबद्दल अधिकृत सर्व्हिस सेंटरचा अहवाल, त्यात गंजाचा उल्लेख असावा. घसाऱ्याबद्दल विचारा: कोणत्या कलमाखाली? पॉलिसीच्या मजकुरात वस्तू पूर्ण गेली असेल तर तशीच किंवा तत्सम वस्तू घेण्याच्या खर्चाची भाषा आहे.

सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच म्हटलंय. आणि व्हाउचरवर सही केली म्हणून जास्तीची रक्कम मागण्याचा हक्क बुडत नाही, असं आयआरडीएआयचं २०१५ चं परिपत्रक आहे. तरी पैशांची निकड असेल आणि सही करायचीच असेल, तर "आक्षेप राखून स्वीकारले" असं हातानं लिहा आणि त्याच दिवशी तशी ईमेल पाठवा.

ऐकलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातले वाद सोडवणारा अधिकारी. पुण्यात कार्यालय आहे, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात, फी नाही, वकील लागत नाही (माझ्या पोटावर पाय आला तरी खरं ते सांगते). कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच, त्याला दोन वर्षं. पण आधी आयोगात गेलात तर लोकपाल तुमचं प्रकरण घेणार नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

भिंगकाका

आमच्या सर्व्हेअर जमातीच्या वतीनं एक सांगतो. साड्या शून्य धरल्या कारण बहुधा त्यानं वरची एक उलगडून बघितली, आतून स्वच्छ दिसली. दुमडीचा डाग फोटोत येत नाही. पुन्हा पाहणीची मागणी करा आणि त्या दिवशी साड्या गादीवर ओळीनं, अर्ध्या उलगडून मांडा.

कोथिंबीरवडी

तसंच केलं. वस्तूवार पत्र, ड्रायक्लीनरचं आणि सर्व्हिस सेंटरचं पत्र जोडलं, आणि साड्या मांडून दाखवल्या. सुधारित पत्र काल आलं. साड्या आणि फ्रिज मान्य. गाद्या नाहीत. घसारा टीव्हीवरचा पूर्ण काढला, सोफ्यावरचा कमी केला पण ठेवला. कलम अजून लिहून दिलेलं नाही. भाऊजींना पटलंय, त्यांनी आक्षेप राखून रक्कम घेतली. सोफा आणि गाद्यांसाठी तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज गेलाय. भाड्याचे पैसे आर्किटेक्टच्या दाखल्यावर सुरू झाले.

एक गोष्ट कोणी लिहिली नव्हती म्हणून सांगते. पॉलिसीवर कर्जाच्या बँकेचं नाव असतं, त्यामुळे घराच्या भागाची रक्कम थेट भाऊजींना न येता बँकेकडे जाणार होती. बँकेला दुरुस्तीचं अंदाजपत्रक आणि ठेकेदाराचं कोटेशन देऊन रक्कम दुरुस्तीसाठी सोडण्याचं पत्र घ्यावं लागलं. हे काम क्लेमच्या पहिल्याच आठवड्यात सुरू केलं असतं तर गिलावा एव्हाना वाळला असता.

शंकासुर

मानलं. मावशीची फाइल कुठे आहे ते विचारतो. दोन वर्षं व्हायला थोडे महिने आहेत अजून.

तळमजल्यावरचा

शेवटचा प्रश्न, मुलगा बाणेरला भाड्यानं राहतो. घर त्याचं नाही, मग विमा मालकानं काढायचा ना?

भिंगकाका

भिंती मालकाच्या, सामान मुलाचं. त्यानं फक्त सामानाची पॉलिसी घ्यावी, तशी मिळते. पण तिथे ते २० टक्क्यांचं आपोआप संरक्षण नाही, आकडा स्वतः ठरवून लिहावा लागतो. लॅपटॉप, सायकल, पलंग, वॉशिंग मशीन, सगळं आजच्या भावानं धरा म्हणावं. आणि यादी त्या घरात ठेवू नका, तुमच्या ईमेलवर पाठवून ठेवायला सांगा.